चंपाबाईंच्या गळ्यातलं बटण

एक

चंपाबाई गेल्या तेव्हा मदतीचं बटण त्यांच्या गळ्यात होतं आणि अंगठा बटणावर होता. तरी मदत आली नाही, कारण त्यांनी बोलावल्याचं कुणाला कळलंच नाही.

सिडकोतल्या त्या तळमजल्याच्या घरात तसं काही कमी नव्हतं. धाकटा प्रणय चिकलठाण्याला सॉफ्टवेअर कंपनीत. त्यानं आईसाठी घर नुसतं यंत्रांनी भरून टाकलं होतं. दारावर कॅमेरा, तोंडानं सांगितलं की लागणारा दिवा, गॅस सुटला तर बोंब मारणारी डबी, आणि आईच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं हे बटण. ते दाबलं की प्रणयच्या आणि नांदेडला असलेल्या थोरल्या करुणाच्या मोबाइलवर एकाच वेळी निरोप यायचा, 'आई बोलावते आहे'. घर लांबट, मधल्या भिंती जाड. वायफाय मागच्या खोलीपर्यंत पोचावं म्हणून तीन पांढऱ्या डब्या बसवल्या होत्या. पहिलीनं दुसरीला हात द्यायचा, दुसरीनं तिसरीला. बसवणारा त्याला मेश म्हणायचा, चंपाबाई 'तिघी बहिणी' म्हणायच्या.

पौर्णिमेच्या दिवशी प्रणय कामावर होता आणि चंपाबाईंना सांभाळणाऱ्या राजाबाई सकाळपासून गावी गेल्या होत्या. तेवढ्यात चंपाबाई हॉलमध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, डोक्याला मार बसला. राजाबाई दुपारी परतल्या तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी करुणाला बाजूला घेऊन सांगितलं, की त्या लगेच गेलेल्या नाहीत, बराच वेळ शुद्धीवर असाव्यात. वेळेवर कुणी पोचलं असतं तर, असं म्हणून डॉक्टर थांबले आणि करुणानंही पुढचं विचारलं नाही.

करुणा सरकारी विद्युत निरीक्षक. शॉक लागून कुणी दगावलं की तिथं जायचं आणि कारण शोधायचं, हे तिचं काम. माणसं रडत असतात, एकमेकांच्या अंगावर धावून जात असतात, धडधडीत खोटं बोलत असतात, आणि ही बाई मधोमध उभी राहून शांतपणे विचारते, वायर कुणी ओढली. मॅडमना काळीज आहे की नाही, अशी चर्चा तिच्यामागं व्हायची. होतं हो. त्या दिवशी आईच्या पायाशी बसून ती लहान पोरीसारखी रडली. नातेवाइकांना कळवायचं तर तिचा मोबाइल मुका, त्या दिवसाचा डेटा संपलेला आणि घरातलं वायफाय लागेना. प्रणयनं तो हातातून घेतला, काहीतरी टाइप केलं आणि चालू करून दिला. त्या दिवसातलं एवढंच तिला धड आठवत होतं.

मातीला आलेले पाहुणे पांगले आणि धम्मपालमामांचा आवाज घरात घुमला. मामा म्हणजे चंपाबाईंचे धाकटे भाऊ, मनानं चांगले, पण तोंडाला लगाम नाही.

"सापडलं!" मामा ओरडले. "बोळीतली डबी बंद हाय. अन् तिच्या पिनेच्या जागी कोणाचा चार्जर हाय बघा. राजाबाईचा! मोबाइल चार्ज करायला त्या बाईनं माझ्या बहिणीचा जीव घेतला."

प्रणय भिंतीला टेकून उभा होता.

"पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊ द्या," मामा म्हणाले. "मग मी हिला पोलिसात देतो. नाय दिलं तर नाव सांगणार नाय."

करुणानं डोळे पुसले. "मामा, आईनं बोलावल्यावर माझाही फोन वाजायला हवा होता. तो का वाजला नाही, ते मी शोधणार. तोवर कुणी पोलिसात जायचं नाही."

दोन

राजाबाई लासूर स्टेशनजवळच्या. घरी मेंढरं, नवरा वर्षाचे बरेच महिने कळप घेऊन बाहेर. चंपाबाईंपेक्षा फार लहान नव्हत्या, पण त्यांना 'माय' म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी त्या आपलं कपड्यांचं गाठोडं न्यायला आल्या आणि फाटकाबाहेरच उभ्या राहिल्या. मामा आतून बडबडत होते, ते त्यांना ऐकू येत होतं.

करुणानं त्यांना अंगणात लिंबाच्या सावलीत बसवलं.

"चार्जर तुमचाच ना, राजाबाई?"

"व्हय ताई. खोटं कशाला बोलू?" राजाबाईंचे डोळे सुजले होते. "पर त्यो म्या माय गेल्यावर लावला. समद्यांला फोन करू करू मोबाइल पार मेला व्हता. हाताला घावंल तिथं खुपसला. त्याच्या आदी त्या डबीला म्या कदी बोट लावलं नाय. मायनंच बजावलं व्हतं, ही मधली बहीण झोपली तर माझं बोलावणं पोचायचं नाय."

करुणा ऐकत होती. मग तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई हॉलमध्ये भिंतीशी कशाला गेली होती? वॉकर तर तिच्या पलंगापाशीच होता. वॉकरशिवाय ती दोन पावलं टाकत नव्हती."

राजाबाईंनी पदर तोंडाशी नेला. "मला काय ठावं? म्या आले तवा तिथं पडल्याली व्हती."

"आजूबाजूला काही पडलेलं होतं?"

"नाय."

"काहीच नाही?"

"नाय म्हनलं ना ताई." आणि त्या उठल्याच. गाठोडं काखेत मारून फाटकाकडे निघाल्या.

खोटं ऐकण्यात करुणाची अर्धी नोकरी गेली होती. चार्जरबद्दल राजाबाई खरं बोलल्या होत्या, याबद्दल तिला शंका नव्हती. हॉलबद्दल त्या खोटं बोलत होत्या. आता जी बाई स्वतःच्या अंगावर येणारी गोष्ट बिनदिक्कत कबूल करते, ती कुणासाठी खोटं बोलत असेल?

तीन

अंदाज बांधत बसण्यापेक्षा लावून बघावं, ही करुणाची पद्धत. तिनं राजाबाईंचा चार्जर काढून बोळीतल्या डबीची पिन खुपसली. डबी बराच वेळ लुकलुकली आणि मग तिच्यावर पांढरा दिवा स्थिर झाला. मधली बहीण जागी झाली.

करुणानं आईचं बटण हातात घेतलं. दोरीला अजून खोबरेल तेलाचा वास होता. तिनं बटण दाबलं.

लाल दिवा.

या बटणाचा हिशेब सोपा होता. निरोप गेला की हिरवा, नाही गेला की लाल. तिनं ते डबीला अगदी चिकटवून दाबलं. लाल. गुलमंडीच्या बाजारातून नवा सेल आणून घातला आणि दाबलं. लाल. म्हणजे सेल ठणठणीत होता, डबी चालू होती, आणि तरीही बटण मुकंच होतं. पडल्यापडल्या आईनंही हाच लाल दिवा पाहिला असणार, हा विचार आला तशी करुणा तिथंच खाली बसली आणि तिला हुंदका आवरेना.

जरा सावरल्यावर ती घरभर फिरली. आईच्या खोलीतला दिवा तोंडी हुकूम ऐकेना. दारावरचा कॅमेरा आंधळा. गॅसची डबीही नेटला लागत नव्हती. मात्र टीव्ही चालू होता, प्रणयचा लॅपटॉप चालू होता, सगळ्यांचे मोबाइल चालू होते. घरातली थोरली मंडळी मजेत आणि बारकी सगळी मेलेली, असा प्रकार होता. एका डबीची पिन निघाली म्हणून असं होत नाही. राजाबाई सुटल्या, निदान करुणाच्या मनातून तरी.

"मामा, चार्जरचा यात संबंध नाही," तिनं सांगितलं. "डबी लावली तरी बटण चालत नाही."

"मग त्या बसवणाऱ्या पोट्ट्यानं भंगार माल दिला असंल," मामांनी लगेच नवा आरोपी पकडला. "त्या बिभीषणाला धरा. पर ही बाई काय धुतल्या तांदळाची नाय, सांगून ठेवतो."

करुणानं बटण प्रणयपुढं धरलं. "तू बघ ना. तुझं तर रोजचंच काम आहे."

"कंपनीच्या सर्व्हरचा काहीतरी प्रॉब्लेम असेल, ताई," प्रणय म्हणाला. "सोड आता. आई परत येणारे का?"

बोलताना तो खिडकीबाहेर पाहत होता. घरात साधा पंखा कुरकुरला तरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावणारा हा पोरगा, आणि आईच्या बटणाकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

चार

बिभीषणचं दुकान क्रांती चौकाजवळ, काचेचं, आत कॅमेऱ्यांच्या माळा. माणूस बोलघेवडा, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. करुणाला पाहताच तो उभा राहिला आणि त्याचा आवाज एकदम उतरला.

"मॅडम, चंपाआजींचं ऐकलं आन् जेवण गेलं नाही बघा. पण माल अपना एकदम पक्का होता. कसम से."

"मग बटण चाललं का नाही?"

"तेच तर! बसवलं तवा आठ दिवस त्रास दिला त्यानं, कबूल करतो. आजी मागच्या खोलीत, आन् बटण बसलं होतं पार हॉलच्या डबीला चिकटून. जवळची सोडून लांबची धरायची, ही यांची खोड. घडीघडी तुटायचं. मी मधली डबी बोळीत सरकवली, बटण तिच्याशी जोडून दिलं. त्यानंतर एक डाव तुटलं नाही. आजी रोज सकाळी दाबून बघायच्या, माहीत आहे ना?"

करुणाला माहीत होतं. महिन्यापूर्वीपर्यंत तिच्या फोनवर रोज सकाळी 'आई बोलावते आहे' यायचं आणि पाठोपाठ आईचा फोन यायचा, 'काही नाही गं, बघत होते.' कामाच्या घाईत एकदा करुणा वैतागली होती. तेव्हापासून आईनं रोजचं दाबणं बंद केलं.

"आता मात्र बारकी सगळी यंत्रं बंद आहेत, बिभीषण. मोबाइल, टीव्ही चालू."

"सगळी? एकदम?" त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "मग यंत्रात खोट नाही, मॅडम. एवढी सगळी एका दिवशी मरत नसतात. बघा, ही बारकी पोरं लई हट्टी. एक नाव आन् एक पासवर्ड, एवढंच शिकतात. घरात सिग्नल कितीका असेना, ते नाव ऐकू आलं नाही की गप बसतात. वाट बघत राहतात."

"आणि तोवर कुणी दाबलं तर?"

"वाया नाही जात. पोटात ठेवतात. आपलं नाव सापडलं की सगळे निरोप ओकून टाकतात. हे मी स्वतः आजींना समजावलं होतं." बोलता बोलता तो हसला आणि त्याचे डोळे भरले. "मी विचारलं होतं, आजी, वायफायला नाव काय देऊ? लोक आडनाव देतात, पोरांची नावं देतात. आजी म्हणल्या, जयभीम दे. शेजारीपाजारी मोबाइल उघडतील तवा त्यांना बी रोज दिसू दे."

करुणा हसली नाही. मग तिनं पर्समधून मोबाइल काढला आणि ज्या नेटवर्कना तो आजवर जोडला गेला होता ती नावं उघडली. तिथं 'जयभीम' होतं, वर्षभरापासूनचं. त्याच्या वर एक नवं नाव होतं, 'पीके होम'. आई गेली त्या दिवशी जोडलेलं.

पाच

रिक्षातून घरी येईपर्यंत करुणानं सगळं जुळवलं, आणि जुळत गेलं तसतसं तिला ते नकोसं होत गेलं.

तिचा मोबाइल त्या घरात शिरला की आपोआप नेटला लागायचा. त्या दिवशी लागला नाही. का? कारण त्याला ओळखीचं नावच सापडलं नाही. प्रणयनं टाइप केलं ते नवं नाव आणि नवा पासवर्ड. मुख्य राउटरवर नाव बदललं की तिघी बहिणी मुकाट्यानं तेच नाव घेतात. मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप यांना नवं सांगितलं की तेही ऐकतात. राहिली बारकी पोरं. त्यांना कुणी सांगितलंच नाही. ती 'जयभीम'ची वाट बघत बसली.

राउटरची चावी घरात एकाच माणसाकडे होती.

घरात तिन्हीसांजेचा उजेड होता. मामा बाहेर गेले होते. प्रणय आपल्या खोलीत होता, दार लोटलेलं. करुणा आईच्या खोलीत पलंगावर बसली. आपला तर्क चुकावा अशी तिनं मनोमन विनवणी केली. मग स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट उघडला आणि त्याला नाव दिलं, 'जयभीम'. पासवर्ड तिला पाठ होता, आईच्या माहेरच्या गावाचं नाव.

काही क्षण काहीच झालं नाही.

मग डोक्यावरचा दिवा लागला. दाराचा कॅमेरा टिंग करून जागा झाला. स्वयंपाकघरातून गॅसच्या डबीचा बारीक आवाज आला. आणि उशीवर ठेवलेल्या बटणाचा लाल दिवा हिरवा झाला.

करुणाचा मोबाइल थरथरला. 'आई बोलावते आहे.' पुन्हा थरथरला. 'आई बोलावते आहे.' मग थांबेचना. एकामागून एक, त्याच तीन शब्दांची रांग पडद्यावर चढत गेली, आणि प्रत्येकापुढं पौर्णिमेची तारीख. सुरुवातीचे एकमेकांना लागून आले होते. नंतरचे विरळ होत गेले. शेवटी करुणानं स्वतः तपासायला दाबलेले आले, पण ते बघायला तिच्या डोळ्यांत जागाच उरली नव्हती.

पलीकडच्या खोलीत प्रणयचा मोबाइल तसाच किणकिणत होता. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, दार आपटलं आणि प्रणय अनवाणी धावत आला.

"आई, आलो!" तो दारातून म्हणाला.

पलंगावर ताई बसली होती. तो दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसला.

सहा

"नाव कधी बदललंस?" करुणानं विचारलं.

"पौर्णिमेआधीच्या शनिवारी." प्रणय गुडघ्यांत तोंड घालून बोलत होता. "ज्ञानेश्वरीचे आईवडील रविवारी घर बघायला येणार होते."

ज्ञानेश्वरी त्याच्याच कंपनीतली. लग्न करायचं दोघांचं ठरलं होतं, हे करुणाला माहीत होतं.

"तिला सगळं माहीत आहे, ताई. तिच्या घरी नाही. आडनावावरून आपलं काही कळत नाही. ती म्हणाली, आधी त्यांना तू आवडू दे, मग मी सांगते. आणि तिचे वडील कुठंही गेले की पहिल्यांदा वायफाय मागतात. मोबाइल उघडला की समोर तेच नाव. मला... मला नको वाटलं. एका दुपारपुरतं."

"एका दुपारपुरतं."

"रात्री परत टाकणार होतो. खरंच. पण ते लोक खूश होऊन गेले. मग वाटलं, बोलणी पक्की होईपर्यंत राहू दे. बटणाला नवं नाव शिकवायचं होतं, तेवढं उद्या करू, उद्या करू..."

"तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

त्यानं मान हलवली. "आईच्या हातातलं बटण बघितलं तेव्हाच. मग मामांना ती डबी बंद सापडली. मला सुटल्यासारखं झालं, ताई. राजाबाईंवर आळ गेला आणि मी गप्प उभा राहिलो. मी इतका हलकट आहे."

करुणाचा हात उठला होता. त्याला थोबाडीत मारावी की जवळ घ्यावं, हे तिलाच ठरवता येईना. शेवटी तो हात त्याच्या डोक्यावर पडला आणि दोघं भावंडं एकमेकांना धरून रडली. आईला अग्नी देतानासुद्धा ती अशी रडली नव्हती.

बऱ्याच वेळानं निरीक्षक करुणा पुन्हा जागी झाली. एक धागा तसाच लोंबकळत होता.

"हॉलच्या भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची अशा दोन तसबिरी आहेत. वायफायचं नाव लपवलंस. त्यांचं काय केलंस?"

"त्याच चिंतेत होतो. माझा हात होणार नव्हता." प्रणयनं नाक पुसलं. "पण शनिवारी संध्याकाळी घरी येऊन बघतो तर भिंत रिकामी. राजाबाई म्हणाल्या, साफसफाईला काढल्यात. मला वाटलं, नशिबानंच सोडवलं."

करुणानं तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. भिंत, वॉकर, राजाबाईंच्या तोंडावरचा पदर.

"उद्या लासूर स्टेशनला जायचंय," ती म्हणाली. "राजाबाईंची माफी तू मागायचीस. सगळ्यांसमोर."

सात

राजाबाईंचं घर स्टेशनापासून जरा आत, बाजूला मेंढरांचा वाडगा. सकाळची वेळ होती, शेजारपाजारचे ओट्यावर बसलेले. प्रणयनं कुणाकडे न बघता राजाबाईंचे पाय धरले आणि जे केलं ते सगळं सांगितलं. मग मामांना फोन लावून, आवाज मोठा करून, पुन्हा तेच सांगितलं. मामांची बोलती बंद झालेली करुणानं जन्मात पहिल्यांदा पाहिली. "त्यांना म्हणावं, मी चुकलो," असं पुटपुटून त्यांनी फोन ठेवला.

"ऊठ दादा," राजाबाई म्हणाल्या. "माणूसच हायेस. पुण्यानुमोदनाला म्या येते. मायच्या कार्याला येनार नाय तर कुठं जाईन?"

प्रणय तोंड धुवायला हौदाकडे गेला. करुणा राजाबाईंना घेऊन वाडग्याच्या आडोशाला उभी राहिली.

"तसबिरी साफसफाईला काढल्या नव्हत्या ना?"

राजाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. "ताई, म्या मायला शब्द दिलाय."

"आई गेली, राजाबाई. मी तिची लेक आहे."

राजाबाईंनी डोळे मिटले. "मायला समदं समजलं व्हतं. पोरगं दोन दिस त्या भिंतीकडं बघायचं आन् मान खाली घालायचं. शनवारी माय म्हनली, राजाबाई, त्या तसबिरी माझ्या खोलीत नेऊन ठिव. त्यानं स्वतःच्या हातानं काढल्या तर त्याला जन्मभर डाचंल. आपुन काढू, आन् त्याला म्हनायचं साफसफाई केली. म्या म्हनलं, माय, तू कुनापुढं कदी मान खाली घातली नाय. तर म्हनली, पोरासाठी एक दुपार घालते. पर त्याला कळू देऊ नको."

करुणानं वाडग्याच्या काट्यांना हात लावला आणि ते टोचलेलंही तिला कळलं नाही.

"पावणे गेल्यावर म्या लावते म्हनले, तर दादा घरातच. त्याच्यापुढं कसं लावायचं? पुनवंला माझा सासरा आजारी म्हनून म्या इकडं आले. माय म्हनली, जा, येऊन लाव. पर पुनवंची वंदना ती त्या भिंतीपुढं कदी चुकली नाय. तिला दम निघाला नसंल. दादा बी कामाला गेल्याला. स्टुलावर चढली, ताई. एक तसबीर लावली तिनं. दुसरी हातात आसंल तवाच..." राजाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "म्या आले तवा बाबासाहेब तिच्या छातीवर व्हते. काच बी फुटली नव्हती, इतकं धरल्यालं. ती गेल्याली व्हती, पर शब्द व्हता ना? म्या तसबीर भिंतीला लावली, स्टूल मागं नेऊन ठिवला, आन् मग दादाला फोन केला."

म्हणजे पोलिसात जायची पाळी आली तरी ही बाई गप्प राहणार होती. करुणानं तिला मिठी मारली. दोघींना एकमेकींच्या रडण्याचा आवाज दाबावा लागला, कारण प्रणय परत येत होता.

"दादाला सांगू नका," राजाबाई तिच्या कानाशी म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर प्रणय गाडी चालवत होता. दोन्ही बाजूंना कपाशी मागं पळत होती. सकाळी निघण्याआधी त्यानं ज्ञानेश्वरीच्या वडिलांना फोन करून आपण कोण ते सांगितलं होतं. ते विचार करून कळवतो म्हणाले होते. त्याचं त्याला फारसं काही वाटत नसावं. त्याचे डोळे रस्त्यावर होते, पण मन कुठं होतं ते करुणाला दिसत होतं.

"एकच बरं झालं, ताई," तो म्हणाला. "मी तिनं ठेवलेलं नाव पुसलं, तिला हाका मारायला लावल्या, सगळं केलं. पण मला तिची लाज वाटली, हे तिला कळलं नाही. तेवढं तरी न कळता गेली. नाही का?"

तो विचारत होता. उत्तरासाठी त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

करुणानं आजवर कुणाच्याही रडण्याला न बधता अपघाताचं कारण होतं तसं सांगितलं होतं. मंत्र्याच्या भाच्याला सांगितलं होतं, तान्हं लेकरू काखेत घेतलेल्या विधवेलाही सांगितलं होतं.

"नाही रे," ती म्हणाली. "तिला काही कळलं नव्हतं. तू समोर बघून चालव."